चिमाबाईंच्या मिक्सरची मोटर

मिक्सर दुरुस्त होऊन आला तेव्हा तो हलका झाला होता. डांगे चौकातल्या दुकानातून थेरगावच्या खोलीवर येताना चिमाबाईंना पिशवीचं ओझं जातानाइतकं लागेना.

"धूळबिळ साफ केली असंल," त्यांचे यजमान अण्णासाहेब म्हणाले. चिंचवडच्या कंपनीत प्रेस मशीनवर आयुष्य काढलेला हा माणूस भांडणाचा वास आला की चप्पल घालायचा.

चिमाबाई जालन्याकडच्या. चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये राबल्या, कंत्राट संपल्यावर घरीच कारळाची, जवसाची चटणी करू लागल्या. कुरुळीला खोल्या करून राहणारी पोरं ज्या खानावळीत जेवायची, तिथं त्यांची चटणी जायची. म्हणजे मिक्सर हे त्यांच्या घरातलं कमावतं माणूस होतं.

दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याचा तिसरा घाणा फिरत असताना जळका वास आला आणि मिक्सर बसला. चिमाबाईंनी आजवर तो कधी उघडला नव्हता. त्या दिवशी अण्णासाहेबांचा स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यांनी खालचं झाकण काढलं. त्यांची मुलगी मैत्री चाकणला एका कंपनीच्या स्टोअर्समध्ये, सुट्या भागांच्या कोठारात, काम करते. पहिली शिफ्ट करून आल्यावर तिनं मोटरची तार नखानं खरवडली. आत पांढरं निघालं.

"मम्मी, ही ॲल्युमिनियमची तार आहे. वरनं नुसता तांब्याचा रंग. ही आपली मोटर नाही."

सकाळी चिमाबाई दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. दुकानदार ज्योतीराम पंखा उघडून बसला होता.

"भाऊ, माझी मोटर दे."

"मावशी, मी फक्त मोटरचा कार्बन-ब्रश बदललाय. मशीन जुनं झालं की जळणारच. एक्स्चेंजमध्ये नवा घ्या ना."

"नवा मागितला का मी? माझी मोटर मागायले."

ज्योतीराम हसला आणि पुन्हा पंख्याकडे वळला. चिमाबाई दाराशी ठेवलेल्या वॉशिंग मशीनच्या खोक्यावर बसल्या. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या शांतपणे सांगत, "द्यायचं तर द्या, पण इथंच उभं राहून उघडून घ्या. माझी मोटर बदलली यांनी." दोन माणसं इस्त्री तशीच परत घेऊन गेली.

दुपारी अण्णासाहेब त्यांना न्यायला आले. "चल घरी. लोक बघायलेत."

"बघू द्या. तुमी जा. भाकरी टोपलीत हाय, खाऊन घ्या."

 अण्णासाहेबही खोक्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. चिमाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण जरा सरकून जागा केली.

शेवटी ज्योतीरामनं शटर अर्धं ओढलं आणि हळू आवाजात कबूल केलं. मोटर आता त्याच्याकडे नव्हती, दुसऱ्या कुणाच्या मिक्सरमध्ये बसली होती. त्यानं दुरुस्तीचे पैसे परत केले. "ओरिजिनल पार्ट तुम्हाला कुणी देणार नाही, मावशी," दोघं निघाले तेव्हा तो म्हणाला. "मेकॅनिकलाच देतात."

हे ऐकलं नसतं तर कदाचित चिमाबाईंनी नवा मिक्सर घेतलाही असता.

सुट्टीच्या दिवशी त्या आणि मैत्री मिक्सर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेल्या. मिक्सरखालच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर मैत्रीनं मोबाइलमध्ये घेतला होता. काउंटरवर मिनल नावाची मुलगी होती. "सुटा पार्ट कस्टमरला देत नाही, काकू. मशीन सर्व्हिसला द्या."

"सर्व्हिसलाच दिलं होतं, बाई."

"पण नियम आहे तसा."

"मग लिहिलेला दाखव. आमी बसतो तवर."

मिनलनं ड्रॉवर धुंडाळला, आत जाऊन साहेबांना विचारलं. लिहिलेला नियम काही सापडला नाही. साहेब बाहेर आले, "तुम्ही बसवणार? शॉक लागला तर?" म्हणाले. "घर माझं, हात माझा. तुमी बिल पक्कं द्या," चिमाबाई म्हणाल्या. मोटर सीलबंद खोक्यात आली. नंबर जुळतोय हे मैत्रीनं तिथंच तपासलं आणि मगच पैसे दिले.

घरी चिमाबाईंनी प्रत्येक तार सोडवण्याआधी तिचा फोटो काढला. मोबाइलवरचा व्हिडिओ थांबवत, मागं नेत त्यांनी मोटर बसवली. अण्णासाहेबांना मेन स्विचपाशी उभं केलं. बटण दाबलं आणि फट्कन आवाज होऊन खोलीतली वीज गेली. दोन उघड्या तारा एकमेकींना टेकल्या होत्या.

"आता दे बाई कुणाला तरी," अण्णासाहेब अंधाऱ्या कोपऱ्यातून म्हणाले.   चिमाबाईंनी हात पदराला पुसले.

"कुणाला देऊ? ज्याला देईन त्यो माझ्यासारखाच शिकला असंल की, चुका करत करत."

त्यांनी सगळं परत सोडलं, तारांवर टेप नीट गुंडाळली, फोटोशी ताडून बघितलं. अण्णासाहेबांनी मेन स्विच पुन्हा वर केला आणि या वेळी मिक्सर फिरला. भांडं रिकामं होतं, तरी त्यांनी तो बराच वेळ बंद केला नाही. अण्णासाहेब मेन स्विच सोडून जवळ आले आणि मिक्सरवर तळहात ठेवून उभे राहिले.

ही गोष्ट आळीभर झाली. बायका बिघडलेल्या वस्तू घेऊन येऊ लागल्या. चिमाबाई कुणाचीच वस्तू उघडून देत नाहीत. "तू उघड. मी बसते शेजारी," म्हणतात. काहीजणी रागावून जातात, काही बसतात. वरच्या मजल्यावरची स्वरूपा मात्र पाठ फुगलेला फोन घेऊन आली, तेव्हा त्यांनी तिला तो उघडूच दिला नाही. "बंद कर आधी. चार्जिंगला लावू नको. ह्ये आपलं काम न्हाई, फुगलेली बॅटरी पेट घेती." चौकात स्वस्तात बॅटरी मिळते, असं स्वरूपा म्हणाली.

"मिळती की. तसलीच मोटर मलाबी मिळाली होती."

पायात चप्पल सरकवून चिमाबाई तिच्याबरोबर फोन कंपनीच्या सेंटरला निघाल्या. तिथल्या पोरानं फोन घेतला आणि दोघींना बाहेर थांबायला सांगितलं.

"आमी इथंच थांबतो," चिमाबाई म्हणाल्या, आणि काउंटरवर कोपर टेकवून उभ्या राहिल्या.