ओवाळणीतली सही

माझा मोठा भाऊ फौजेतून निवृत्त होऊन आला त्या दिवशी गावानं त्याची उघड्या जीपमधून मिरवणूक काढली. हारांनी त्याची मान झाकून गेली होती आणि तो अवघडून उभा होता. सतरा वर्षं त्यानं फौजेच्या गाड्या दुरुस्त केल्या होत्या. सामानात एक काळी पेटी होती, ती उतरवायला तिघं जण लागले.

"काय भरून आणलं बाप्पा?" मी विचारलं.

"लोखंड," तो म्हणाला.

मी हसले. गाड्या दुरुस्त करणाऱ्याच्या पेटीत कसलं लोखंड असेल आणि ते त्यानं घरी कशाला आणलं असेल, एवढंही मला सुचलं नाही. मला लोकांचं मन ओळखता येतं, असा माझा तेव्हा समज होता.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीला राहते. माहेर तिथून मोटारसायकलवर अर्ध्या तासाचं. यजमानांची नोकरी बाहेरगावी, म्हणून घराला लागून पत्र्याचं शेड ठोकून मी तेलाचा लाकडी घाणा आणला होता. धंद्याची नोंदणी तेवढी व्हायची होती. तेवढ्यात कानावर आलं, की माजी सैनिकानं स्वतःचा छोटा धंदा टाकला तर पहिली काही वर्षं करात सूट मिळते. माझं डोकं लगेच चालायला लागलं. घरात फौजी असताना ही सूट सोडायची कशाला? घाणा त्याच्या नावावर दाखवायचा, चालवायचा मी. सगळं जग हेच करतं, असं मी स्वतःला समजावलं.

आठवड्यावर भाऊबीज होती. ज्या वर्षी तो सीमेवर असायचा, तेव्हा मी अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. ज्याचा भाऊ जवळ नाही तिचा भाऊ चंद्र, अशी आपल्याकडची रीत. या वेळी मात्र माहेरी तो खराखुरा पाटावर बसला होता. मी ओवाळलं. त्यानं खिशात हात घातला, तसा मी तो धरला.

"पैसे नको दादा. यावर सही दे."

त्यानं अर्ज अथपासून इतिपर्यंत वाचला. 'हा धंदा मी स्वतः चालवतो' या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"ही सूट एका माणसाले एकदाच भेटते ना?"

"हाव, एकदाच," मी आनंदानं म्हणाले.

वहिनी दारात उभी होती. ती काहीतरी बोलणार होती, पण त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि ती आत गेली. हे मला दिसलं होतं. मी विचारलं नाही. त्यानं सही केली.

नोंदणी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो शेडपुढे उभा.

"काय झालं दादा?"

"दुकान उघडाले आलो."

मला वाटलं, गंमत करतोय. त्यानं शेड झाडलं, तीळ निवडले, घाणा पुसला. मग रोजच येऊ लागला. तिळात गुळाचा खडा केव्हा टाकायचा, पाणी किती शिंपडायचं, ढेप, म्हणजे तिळाची पेंड, केव्हा काढायची, सगळं शिकला. मजुरीचं नाव काढलं की उठून बाहेर जायचा. पुढे गिऱ्हाइकं 'फौजीचा घाणा' म्हणू लागली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. धंदा उभा मी केला आणि नाव याचं!

एकदा मी फाडकन बोललेच. "दादा, तुझं नाव नुसतं कागदावर आहे. तू काऊन रोज येऊन राह्यला?"

"तुले तरास होते का?"

"होते."

त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा हजर.

वर्ष झालं आणि बुलढाण्याहून एक साहेब तपासणीला आले. मी चहाचं निमित्त करून आत गेले आणि दाराआड उभी राहिले. साहेबांनी त्याला तेलाचं विचारलं, ढेपेचं विचारलं. तो ताठ उभा राहून एकेक सांगत गेला.

"धंदा तुम्ही स्वतः चालवता?"

"हो साहेब. रोज सकाळी सहाले मीच उघडतो."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. तो मला मदत करायला येत नव्हता. जी ओळ मी त्याच्याकडून खोटी लिहून घेतली होती, ती खरी करायला तो वर्षभर राबत होता. मला माझीच लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

त्याच आठवड्यात तो घाण्यावर असताना मी माहेरी गेले आणि वहिनीला विचारलं, "सहीच्या त्या भाऊबीजेले तुम्ही दारात काय बोलणार होत्या?"

ती माळ्यावर चढली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पाटी घेऊन आली. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं होती. 'फौजी गॅरेज. ट्रॅक्टर व मोटारसायकल दुरुस्त करून मिळेल.' मग तिनं पलंगाखालची काळी पेटी ओढली. आत तेलाच्या फडक्यांत गुंडाळलेले पाने, हातोड्या, पकडी होत्या. एकालाही गंज नव्हता.

"भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी अर्ज द्याले बुलढाण्याले जाणार होते हे," ती म्हणाली. "त्याच करातल्या सुटीचा अर्ज."

मी परत आले तेव्हा तो शेड झाडत होता.

"दादा, मले नाही म्हणता येत नव्हतं का तुले?"

त्यानं झाडू भिंतीला टेकवला. "पाटावर बसून बहिणीले नाही म्हणू? तू इतके वर्षं चंद्राले ओवाळलं, बाई."

मी मोठमोठ्यानं रडले.

मग मी बुलढाण्याला जाऊन सूट सोडली आणि घाणा माझ्या नावावर करून घेतला. तिथल्या लोकांनी नीट ऐकून घेतलं, पण त्याची ती एक संधी वापरून झाली होती. ती परत देता येत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. गॅरेज त्यानं तरीही टाकलं, गावाच्या फाट्यावर. कर पहिल्या वर्षापासून पूर्ण भरतो. मी भरते म्हटलं तर ऐकत नाही.

यंदा भाऊबीजेला तो पुन्हा पाटावर बसला. नखांत ग्रीस होतं. मी ओवाळलं.

"बाई, काय पाह्यजे?"

मी ताटातलं निरांजन उगाच नीट करू लागले. तेव्हा त्यानं खिशातला पेन काढून ताटात ठेवला आणि हसला. मला हसता आलं नाही. तो पेन मी देव्हाऱ्याजवळ ठेवलाय. त्या पेनानं मी अजून काही लिहिलेलं नाही.