मुलीचे विमान चुकले, आणि आज केर काढला नाही

शकुंतला सदाशिव देशपांडे,

तुझी सुधा आज सोलापूरला पोहोचू शकली नाही. नैरोबीचे विमान मुंबईला उशिरा उतरले. पुण्याचे विमान तासाभरातच होते; ते तिच्या डोळ्यांदेखत सुटले. शेजारच्या दवाखान्यातील दूरध्वनीवर ती रडत म्हणाली, "बाबा, आईचं स्वयंपाकघर एकदा बघायचं होतं हो. एक दिवस नाही का थांबता येणार?"

थांबता येणार नव्हते. उद्या पहाटे नवे भाडेकरू प्रवेश करणार आहेत, आणि आज घर सोडण्याचा शब्द मी दिला होता.

मित्रहो, शकुंतला आता नसली तरी तिच्या नावचे हे पत्र आपल्या पत्रमंडळात लिहितो, कारण तुम्हीही शकुंतलेच्या हातचे जेवला आहात. घरचे माणूस प्रवासात असले, की ते पोहोचल्याचे कळेपर्यंत ती केर काढत नसे. मी त्यावर हसत असे.

दुपारी घरमालकीण गौराक्का केरसुणी घेऊन आल्या. "सर, झाडल्याबिगर कुलूप लावताय व्हय?"

"मुलगी अजून वाटेत आहे."

त्यांनी केरसुणी काखेत मारली. "मग ऱ्हाऊ द्या की. बाई असत्या तर केरसुणीसकट मला भाईर काढलं असतं!" असे म्हणून त्या डोळे पुसत माघारी फिरल्या.

हसून सोडून दिलेली घरातील एखादी रीत तुमच्यापैकी कोणी पुढे एकट्याने पाळली आहे काय? अवश्य कळवावे.

सायंकाळी साडेपाचला स्वयंपाकघराची खिडकी लावली, दाराला कुलूप घातले आणि दोन्ही चाव्या गौराक्कांना परत केल्या.