जत्रेच्या रविवारी सुजलेली दाढ

माझी दाढ शनिवारी दुपारी पाऊण वाजता दुखू लागली. गोव्यात राहणाऱ्याला याहून अधिक सांगण्याची गरज नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे एक वाजता दुकाने, कचेऱ्या आणि दवाखाने बंद होतात, ते चारला उघडतात. मधल्या तीन तासांत कोणी आजारी पडू नये असा संकेत आहे आणि समंजस माणसे तो पाळतात. शनिवारी काही दारे चारलाही उघडत नाहीत. रविवारविषयी बोलायलाच नको.

गोवा मुक्त होऊन तेव्हा तीसेक वर्षे झाली होती. मी डिचोली तालुक्यातल्या एका गावात मराठी प्राथमिक शाळेचा मास्तर होतो. दाढ यापूर्वीही दुखली होती आणि दुखण्याला मी फारसे महत्त्व देत नाही. पण दुसऱ्या दिवशी ग्रामदेवाची जत्रा होती आणि दुपारी चार वाजता, पालखी उठण्यापूर्वी, मला गाऱ्हाणे घालायचे होते.

गाऱ्हाणे म्हणजे साऱ्या गावाच्या वतीने एकाने देवापुढे उभे राहून मोठ्या आवाजात केलेली विनवणी. प्रत्येक मागणीला जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून रुकार देतात. हा मान आमच्या घराचा. आजोबांनी तो चालवला, वडिलांनी चालवला, आणि मी अकरा वर्षे चालवत होतो. अटी तीन. घालणारा उपाशी असावा, त्याने शब्दाला अडखळू नये, आणि त्या दिवशी त्याच्या अंगातून रक्त आलेले नसावे. रक्त आलेला माणूस देवळाच्या चौकात, म्हणजे देवापुढच्या मंडपात, चढत नाही. एखाद्या वर्षी हे जमले नाही तर मान चुलत घराकडे जातो. गेलेला मान परत आल्याचे उदाहरण गावात कोणाला आठवत नाही. न आठवण्याच्या बाबतीत आमचा गाव पक्का आहे.

चुलत घर म्हणजे माझा चुलत भाऊ. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. खाणीवरचे खनिज नदीतल्या मालवाहू बार्जपर्यंत वाहणारे त्याचे दोन ट्रक होते.

शनिवारी चार वाजता मी डिचोलीच्या बाजारात दाताच्या दवाखान्यापुढे उभा होतो. दरवाजाला कुलूप होते. पाटीवर लिहिले होते, ‘शनिवारी फक्त सकाळी’. त्याखाली लाल अक्षरांत ‘तातडीसाठी फोन करा’ आणि एक नंबर. शेजारच्या दुकानात फोनची सोय होती. मी नंबर फिरवला. कुलूप लावलेल्या दवाखान्यात फोन वाजू लागला. तो मला दोन्ही कानांनी ऐकू येत होता, एका कानाने तारेतून आणि दुसऱ्याने भिंतीतून. दुकानदार म्हणाला, ‘‘सोमवारी साडेनवाला उचलतात.’’ तातडीची एवढी शिस्तबद्ध व्यवस्था मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

तेथून सरकारी दवाखान्यात गेलो. तेथे एक गृहस्थ हजर होते. त्यांनी माझ्या तोंडात दुरूनच पाहिले, दात पाहणारा सोमवारी येतो असे सांगितले आणि दुखणे कमी करणाऱ्या दोन गोळ्या हातावर ठेवल्या. गोळ्यांनी कान बधिर झाले. दाढ आपल्या जागी ठाम होती.

संध्याकाळी देवळात गावकार बसले. गावकार म्हणजे गावचे मूळ मानकरी, ज्यांच्या विचाराशिवाय देवळातली समई हलत नाही. माझा गाल एव्हाना नारळाएवढा झाला होता, त्यामुळे विषय मांडण्याची गरज उरली नाही.

‘‘दाढ काढली की रगत येतलेंच,’’ वयाने सर्वांत मोठे होते ते म्हणाले.

‘‘येऊं दी मरे. तोंडांतच उरता न्हय? भायर पडलें तर रगत. गिळलें तर कसलें रगत?’’ दुसरे म्हणाले.

‘‘गिळलें तर उपास मोडलो!’’ तिसरे म्हणाले.

शास्त्राचा असा पेच त्या चौकात पूर्वी आला नव्हता. अखेर ठरले ते असे. मास्तराने रविवारी उपचार करून घ्यावा, पण दाढ काढू नये. रक्त येता कामा नये. आणि ते आले की नाही हे पाहायला सोबत एक माणूस जावा. माणूस म्हणून माझा चुलत भाऊ नेमला गेला. ज्याच्याकडे मान जायचा त्यालाच साक्षीला पाठवण्यात कोणाला काही गैर वाटले नाही. ट्रक त्याचा होता, एवढे पुरे होते.

रविवारी उपचार कोण करणार, हा प्रश्न गावकारांनी विचारात घेतला नव्हता. तो माझ्या पत्नीने सोडवला. सकाळी सायकलवरून पाव विकणारा पोदेर आला, तेव्हा तिने त्याला दाराशीच अडवले.

‘‘दाताची डॉक्टरीण?’’ पोदेर म्हणाला. ‘‘ती मुळगांवची मू? तिच्या घरा हांव सदांच पाव घालतां. आयतारा चड घालतां, पावणे येतात.’’

पत्नी आत येऊन म्हणाली, ‘‘आयकलंत? मुळगावात राहते. वडाच्या पुढचं निळं घर. काल साऱ्या डिचोलीत फिरलात आणि पोदेराला विचारायचं सुचलं नाही. तीस वर्षं मास्तरकी केलीत ना?’’

मला तोंड उघडता येत नव्हते. तिने त्याचा लाभ घेऊन आणखीही बरेच सांगितले.

भाऊ आठ वाजता ट्रक घेऊन आला. रविवारी खाण बंद असते. ट्रकच्या खिडकीची काच वर जात नव्हती आणि बैठकीवर लाल धुळीचा थर होता. रस्त्यावरही तोच. आमच्या भागात त्या काळी पांढरे कपडे ही केवळ कल्पना होती. ट्रक आदळला की दाढ मस्तकात जाई, आणि तो आदळत नव्हता असा क्षण मला स्मरत नाही.

‘‘एखादा खड्डा चुकव,’’ मी कसेबसे म्हणालो.

‘‘दादा, खड्डो चुकवपाक रस्तो जाय.’’ रस्ता हवा, यावर वाद नव्हता.

निळ्या घराच्या मागच्या पायरीवर डॉक्टरीण बांगडे साफ करीत बसली होती. तिशीची असेल. तिने मला ओळखले नाही, गालाला ओळखले. ‘‘कधीपासून?’’ तिने विचारले, आणि लगेच, ‘‘पण आज रविवार आहे हो, काका.’’

‘‘आज जत्रा आसा,’’ भाऊ म्हणाला. ‘‘चारांक दादाक गाऱ्हाणें घालपाचें आसा.’’

तिने बांगडे झाकले. एका माणसाची दाढ दुखते यापेक्षा एका गावाची जत्रा आहे, हे कारण तिला अधिक पटलेले दिसले. मी तिला हात आमसुलाने दोनदा धुवायला सांगितले, कारण माझा उपास होता. ती म्हणाली, ‘‘हातमोजे घालते ना.’’ मी पायरीवरून हललो नाही. तिने आमसुले घेतली.

आपल्या स्कूटरवरून ती आमच्यापुढे डिचोलीला पोचली आणि तिने कालचेच कुलूप काढले. खुर्चीत बसवून तिने दाढेवर हलकेच ठोकले. मी काय केले ते लिहीत नाही.

‘‘आत पू झालाय. सरळ काढून टाकू.’’

‘‘काढायची नाही. रक्त यायला नको,’’ मी म्हणालो.

‘‘बरं. मग वरून उघडते, पू जाईल, ठणका थांबेल. आधी सुई देते.’’

‘‘सुईने जीभ किती वेळ जड राहते?’’

‘‘तीन तास. कधी चार.’’

‘‘सुई नको.’’

‘‘नंतर पाण्यानं चूळ भरायची—’’

‘‘एक थेंबही गिळायचा नाही.’’

तिने हातातले हत्यार खाली ठेवले. ‘‘काढायचं नाही, रक्त यायला नको, सुई नको, पाणी नको. मग मी काय करू, काका? आरती म्हणू?’’

दाराशी उभा असलेला भाऊ हसला. साक्षीदाराने हसावे असा ठराव नव्हता.

तिने सुईशिवाय दाढ उघडली. आतली नस मेली असेल तर दुखणार नाही, जिवंत असेल तर कळेल, असे तिने आधीच सांगितले होते. ती अर्धी जिवंत होती. खुर्चीच्या दांड्या मी धरल्या होत्या. त्यांतली एक पुढे सैल झाली, असे तिने मला नंतर ऐकवले. मग एकाएकी आत काही फुटल्यासारखे झाले, घाण चव आली आणि कालपासूनचा ठणका विझला. विझला हा शब्द मी मोजून वापरतो.

तिने कापूस बाहेर काढून बशीत ठेवला. त्यावर पिवळे होते आणि त्याच्या कडेला लाल होते.

आम्ही तिघेही त्या कापसाकडे पाहत राहिलो. माझा मान त्या बशीत होता. भावाने ‘रगत’ एवढाच शब्द उच्चारला असता, तर तो संध्याकाळपर्यंत त्याच्या घरी गेला असता. त्याने बशी हातात घेतली, उजेडाकडे नेली, परत आणली.

‘‘धुरळो,’’ तो म्हणाला. ‘‘खाणीचो. ट्रकांत तोंडांत गेलो.’’

डॉक्टरिणीने कापूस डब्यात टाकला आणि हात धुवायला गेली. आपल्या विषयाबाहेर मत देऊ नये हे तिला कोणीतरी नीट शिकवले होते.

मला चव कळली होती. खनिजाचीही चव लोखंडाची असते हे खरे. पण ती उबदार नसते.

परतीच्या वाटेवर मी विचारले, ‘‘तुला काय दिसले?’’

‘‘म्हाका दिसपाचें तें दिसलें.’’

‘‘खोटे बोलशील?’’

‘‘दादा, तूं तोंड बंद दवर. दाढ उघडी आसा.’’

साडेतीनला देवळापुढे गर्दी होती. सर्वांत मोठ्या गावकारांनी पायरीवरूनच विचारले, ‘‘कितें रे? रगत?’’

‘‘ना,’’ भाऊ म्हणाला.

‘‘आले,’’ मी म्हणालो.

यात थोरपणा नव्हता. तीस वर्षे मी गावातल्या मुलांना खरे बोलण्यासाठी छड्या मारल्या होत्या आणि त्यांतली निम्मी आता मिशा वाढवून त्या चौकात उभी होती. शिवाय वर चढून मी देवापुढे बोलणार होतो. तेथे धुळीचे कारण चालले असते की नाही, मला ठाऊक नाही. पाहण्याची इच्छा झाली नाही.

गावकारांची मान भावाकडे वळली. भाऊ माझ्यावर उखडला. ‘‘कोणे विचारिल्लें तुका? म्हाका ना म्हणपाक येता तें तुका व्हय म्हणपाक कित्याक जाय? आतां हांव वर वचून कितें सांगूं? म्हाका गाऱ्हाण्याची एक ओळ येना!’’

हे खरे होते. अकरा वर्षे तो माझ्या मागे उभा राहून ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होता. ते त्याला उत्तम येत होते. उपास तर जत्रेला दोन्ही घरी असतोच.

‘‘मी सांगतो. तू म्हण,’’ मी म्हणालो.

मला चौकात चढता येत नव्हते. मी सर्वांत खालच्या पायरीखाली मातीत उभा राहिलो आणि भाऊ वर, देवापुढे, हात जोडून. मध्ये वीस पावले आणि सगळा गाव. मी एक वाक्य ओरडून सांगायचो, तो ते आत म्हणायचा. पण लोकांना सवय आवाजाची. मी वाक्य संपवले की निम्मा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणे आणि भावाने तेच म्हटले की उरलेला निम्मा. पिकापाण्याची मागणी, गुराढोरांची मागणी, वाटेवरच्या वाटसरूंची मागणी, सगळ्या दोनदा झाल्या, दोनदा मंजूर झाल्या. गावाच्या चार सीमांची नावे घेताना भाऊ अडखळला. पूर्वेनंतर पश्चिम म्हणाला. मी दक्षिण सांगितली. देवाने वाट पाहिली.

पालखी उठली. म्हातारे गावकार जाताना म्हणाले, ‘‘तुझो भाव बरो उलयलो.’’ बरा बोलला होता. मी मान हलवली. मान या वर्षीपासून चुलत घराचा झाला, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. घरी आल्यावर पत्नीने पेज वाढली. ती तिने आधीच निववून ठेवली होती.

सोमवारी साडेनवाला, दवाखान्याच्या रीतसर वेळेत, मी दाढ काढून घेतली. सुई देऊन. रक्त भरपूर आले. ते आता कोणाला तपासायचे नव्हते.

‘‘आज साक्षीदार नाही आणला?’’ डॉक्टरीण म्हणाली.

बाहेर आलो तर ट्रक उभा होता. कामाचा दिवस, खाणीवर खेपा सुरू झालेल्या, आणि भाऊ चालकाच्या जागी बसून शाळेची एक कोरी वही मांडीवर घेऊन वाट पाहत होता. त्याने ती माझ्यापुढे धरली.

‘‘बरय,’’ तो म्हणाला, म्हणजे लिही.

गाऱ्हाणे लिहायचे नसते. ते बापाने मुलाला तोंडाने सांगायचे असते. पण माझ्या तोंडात कापूस होता, जीभ जड होती, आणि सांगण्यासारखा मुलगा मला नव्हता. मी ट्रकमध्ये चढलो, वही गुडघ्यावर ठेवली आणि पहिले वाक्य लिहिले. त्याने ते मोठ्याने वाचले. चुकला. मी पेन्सिलीने ट्रकच्या दारावर टकटक केली. त्याने पुन्हा वाचले. अकराच्या सुमारास आम्ही तिसऱ्या वाक्यावर होतो.