दारातलं ‘येते’

मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, एक घर आहे. तिथे स्वयंपाकघर आहे, सोफा आहे, पलंगावर न चुरगळलेली चादर आहे. पण राहत कोणी नाही. खिडकीबाहेर बाग नाही, कॉरिडॉर आहे. दिवे असे लावलेत की आत कायम सकाळच वाटते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना घरात कशाची मदत लागते, ते इथे तपासतात. मराठी बोलणाऱ्यांची रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढणं हे माझं काम. ऐकता ऐकता बोलणारा माणूस विसरायला होतं, नुसता आवाज त्या सकाळच्या उजेडात तरंगत राहतो.

पुढची चाचणी खऱ्या घरांत व्हायची होती. आईने आपणहून नाव दिलं. वडील गेल्यापासून ती तळ्याजवळच्या युनिटमध्ये, म्हणजे छोट्या फ्लॅटमध्ये, एकटी होती. दादा सिडनीला, कॅसल हिलमध्ये. त्याने तिच्यासाठी एक खोली रिकामी ठेवली होती. आईला जायचं नव्हतं. शेवटी दोघांत ठरलं: यंत्र बसवायचं. हिवाळा सुरळीत गेला तर ती इथेच राहील, नाहीतर सिडनी.

यंत्र म्हणजे माणूस आला की गेला हे बोलण्यावरून ओळखणारा, दाराजवळचा एक माइक आणि छताला हालचाल ओळखणारे सेन्सर. कॅमेरा नव्हता. माणूस घरात आहे आणि बराच वेळ हललेला नाही, असं दिसलं की तो पडला असावा असं धरून यंत्र मुलांना फोनवर कळवायचं.

ऑगस्टमधल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका दुपारी दादाचा फोन आला. “आई पडलीय. अलर्ट आलाय, आणि ती फोन उचलत नाहीये.”

मी गाडी काढून युनिटवर गेले. घरात कोणी नव्हतं. फोन चार्जिंगला लावलेला होता, गॅलरीतल्या पातळ पडद्यातून ऊन जमिनीवर पसरलं होतं, आणि यंत्राच्या मते आई त्या उन्हात कुठेतरी निश्चल पडलेली होती.

ती तळ्याकाठच्या बाकावर सापडली. पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं झालं होतं. त्या दोन्हींच्या मध्ये काळे हंस पुढे सरकत होते की थांबले होते, ते सांगता येत नव्हतं. आई त्यांच्याकडे बघत होती.

“आज लवकर सुटलीस?” तिने विचारलं.

मी दादाला तिथूनच फोन लावून स्पीकरवर ठेवला. “बघ,” तो म्हणाला, “म्हणूनच सांगत होतो.”

“अरे, मी तळ्यावर होते. तळ्यात नाही,” आई म्हणाली.

तो हसला नाही. ठरलं होतं ते ठरलं होतं. रविवारची तिकिटं बघतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आमच्या प्रकल्पाची प्रमुख आईकडे आली. तिला मराठी येत नाही, मी मध्ये दुभाषी होते. तिने दाराजवळची रेकॉर्डिंग लावली. बाहेर पडताना प्रत्येक वेळी आईचा आवाज: “येते हं.” परतल्यावर: “आले गं बाई.” यंत्राने दोन्हींचा अर्थ एकच लावला होता. एरवी ती लवकर परतायची, म्हणून आजवर कळलं नव्हतं. त्याच्या लेखी आई गेले काही आठवडे फक्त येत होती. गेली कधीच नव्हती.

“निघताना ‘जाते’ म्हणाली तर?” प्रमुख मला म्हणाली. मी ते आईला सांगितलं.

“दारात उभं राहून ‘जाते’ म्हणू? असं म्हणून कोण निघतं?”

वडीलही हॉस्पिटलला निघताना ‘येतो’ म्हणूनच निघाले होते.

“पण घरात तर कोणीच नसतं,” प्रमुख म्हणाली. “ती सांगते कोणाला?”

मी विचारलं. आई म्हणाली, “घराला.”

प्रमुख लॅपटॉप उघडून बसली. मग म्हणाली, “शिकायचं असेल तर यंत्राने शिकावं.”

ती दुपार ‘येते’ आणि ‘आले’ यांत गेली. आई चपला घालून बाहेर जायची, दार लागायचं, परत उघडायचं. ऊन सोफ्यावरून भिंतीवर गेलं. काही वेळाने ती निघतेय की परततेय हेच कळेनासं झालं. एकच बाई त्या दारातून वर्षानुवर्षं ये-जा करत असावी, तसं वाटायला लागलं. दादा स्पीकरवर होता. मधेच त्याने विचारलं, “आता कुठे दाखवतंय?”

“बाहेर,” मी म्हणाले.

“आणि आहे कुठे?”

“बाहेरच.”

तिकिटांचं त्याने पुन्हा काढलं नाही. हिवाळा संपेपर्यंत बघू, एवढंच म्हणाला.

हिवाळा सरला. सप्टेंबरच्या शेवटी आईनेच त्याला फोन केला. “माझ्यासाठी ठेवलेली खोली आता तुझ्या पोरीला दे. बारावी आहे तिची.”

“आणि तू आलीस की?”

“हॉलमध्ये झोपेन. पाहुणीला खोली कशाला लागते?”

मागून दादाची मुलगी म्हणाली, “थँक्स, आजी. कॅन आय मूव्ह माय डेस्क इन टुडे?”

“काय म्हणतेय ती?” आईने विचारलं.

“टेबल हलवतेय,” दादा म्हणाला. “थांब, तिला एकटीला नाही जमायचं.” आणि त्याने फोन ठेवला.