मुकं जनावर

बीडच्या जनावरांच्या दवाखान्यात मी मांजरीला इंजेक्शन द्यायला घेऊन गेले होते. शेजारच्या बाकावर माजलगावकडचा एक दांडगा गडी बसला होता. मिशा पिळदार, खांद्यावर उपरणं आणि मांडीवर चपट्या तोंडाचा पग कुत्रा.

"वाघ्या," त्यानं ओळख करून दिली.

वाघ्या बसल्या जागीच धाप लागल्यागत घुरघुरत होता. त्यानं श्वास ओढला की मालकाच्याही नाकपुड्या फुगायच्या.

"चार पावलं चाललं की जीभ निळी पडती," तो म्हणाला. "जनावर मुकं असतं म्हणतेत. ह्याला तेवढंबी सुख न्हाई."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माणसांनी हौसेपायी ह्यांची नाकं चपटी करून ठेवली, आता माणसांनीच उघडायची." नाकपुड्या रुंद करायला आणि घशात लोंबणारा जास्तीचा भाग कापायला त्या वाघ्याला आत घेऊन गेल्या. गडी उपरण्याला पीळ घालत दाराशी उभा राहिला. माझं काम झालं होतं, पण पाय निघेना.

दुपारी वाघ्याला बाहेर आणलं. नाकाला टाके, डोळे उघडे, तोंड मिटलेलं. घुरघुर नव्हती. गड्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं घाईनं वाघ्याच्या नाकापुढं बोट धरलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मग हळूहळू गड्याच्या मिशांत हसू फुटलं.

व्हरांड्यात शेळीवाल्यांचा गलका चालला होता. तो त्यांच्याकडं वळून गरजला, "गप बसा बे. माझ्या वाघ्याचा आवाज येत न्हाई, तेवढं ऐकू द्या."

सगळे गप झाले. खरंच, काही ऐकू येत नव्हतं.