आमच्या गल्लीत परदेशी कोणी नाही

माझी बायको पाकिस्तानची, हे आमच्या गल्लीला ठाऊक होतं आणि नव्हतंही. लग्न होऊन ती आली तेव्हा सगळा मोहल्ला तिला बघायला लोटला होता. कराचीची नवरी म्हणजे काहीतरी वेगळंच प्रकरण असणार, असं बायांना वाटत होतं. नवरीने डोक्यावरची ओढणी सावरली आणि विचारलं, "बसा ना वं, उभ्या काहून?" अर्ध्या बाया हिरमुसून घरी गेल्या. तिची आजी म्हणजे माझ्या आजीची सख्खी बहीण. ती आमच्याच मंगरूळपीरहून कराचीला गेली ती बोली पदराला बांधूनच गेली. बाहेर उर्दू आणि घरात वऱ्हाडी, असा त्या कराचीच्या घराचा खाक्या होता. भांडणं तर शंभर टक्के वऱ्हाडीतच व्हायची.

पुढे पोरं झाली, ती शाळेत गेली, मोठी झाली. बायको गल्लीत अशी मुरली की तिचा देश लोक विसरूनच गेले. विसरलं नाही ते सरकार. सरकारने असं विसरूही नये, माझं त्यावर काही म्हणणं नाही. मुदतीचा व्हिसा, तो सरला की नवा, आणि गाव सोडायचं तर आधी परवानगी. शिरपूरला भाच्याचं लग्न होतं तर वऱ्हाडाच्या गाडीत आमच्या दोन जागा राखून ठेवल्या होत्या, परवानगीचा कागद आला तर बसू म्हणून; त्या रिकाम्याच गेल्या. माझं बांगड्यांचं दुकान आहे. गावोगावच्या बाया माझ्याकडे येऊन हात पुढे करतात आणि माझ्या बायकोला मात्र त्यांची गावं नावानेच माहीत.

शेवटी नागरिकत्वाचा अर्ज केला. बऱ्याच वर्षांनी उत्तर आलं की मंजूर आहे, पण आधी जुनं नागरिकत्व सोडल्याचा पुरावा आणा. तिने पाकिस्तानचा हिरवा पासपोर्ट दिल्लीला त्यांच्या वकिलातीत पाठवून जमा केला आणि त्याची पावती आली. आता वाशीमला कलेक्टर कचेरीत जाऊन शपथ घ्यायची तेवढी राहिली होती. त्या पावतीपासून शपथेपर्यंत बाई कोणत्याच देशाची नव्हती. मी चेष्टेत म्हटलं, "आता तुझ्यावर कोणाचाच कायदा चालत नाही." ती म्हणाली, "याच्या आधी तरी तुमचा कुठं चालत होता?"

चेष्टा चालायची, पण आम्हाला घाई होती. कराचीत तिची आई अंथरुणाला खिळलेली होती. शपथ झाली की दाखला, दाखल्यावर पासपोर्ट, पासपोर्टवर व्हिसा आणि मग आई, अशी रांग लागली होती. रांगेत कुठेही खोडा पडला तर आई थांबणार नव्हती. 

शपथेसाठी लागणारी कागदं ती उशीच्या खोळीत ठेवायची. मंजुरीचं पत्र, जमा पावती, निकाहनामा, त्या प्रत्येकाच्या सत्यप्रती आणि सत्यप्रतींच्या झेरॉक्स. फक्त फोटो परत आले होते, कारण मागचा पडदा निळा होता आणि पांढरा हवा होता. म्हणून एका दुपारी घराला कुलूप घालून आम्ही फोटो स्टुडिओत गेलो. फोटोवाल्याने पडदा पांढरा केला आणि त्याच भरात कॉम्प्युटरवर बायकोलाही पांढरी केली. ती म्हणाली, "भाऊ, माहा फोटो काढा. माह्या सवतीचा कायले काढता?" तो बिचारा तिला पुन्हा सावळी करत बसला आणि त्यात दुपार गेली.

नेमका त्याच दुपारी आमच्या गल्लीत पोलीस आला.

तो का आला हे तेव्हा गल्लीत कोणालाच कळलं नाही. शपथेच्या आधी पत्त्याची एकदा शेवटची खात्री करायची असते, तेवढंच काम होतं. पोलीस तरुण होता, सांगली-कोल्हापूरकडून नुकताच बदलून आलेला. घराला कुलूप दिसलं म्हणून त्याने शेजारी चौकशी केली. आम्ही संध्याकाळी परतलो तर ओट्यावर तिघं आमची वाट बघत बसलेले. एक पिठाच्या चक्कीवाला, दुसरा समोरचा किराणावाला आणि तिसरी शेजारची मावशी. आमच्या पोरांच्या वेळची सगळी बाळंतपणं याच मावशीने काढली. तिघांचेही चेहरे असे फुललेले होते, जणू आमच्या घरी कोणी पास झालं होतं.

"भाऊ," चक्कीवाला म्हणाला, "आज आमी तुमाले वाचवलं."

"कशापासून?"

"पोलीस आलता. पाकिस्तानी बाई कुठं राह्यते म्हने. म्या सांगतलं, या गल्लीत तं नाईच, पुऱ्या मंगरूळात शोधली तरी भेटनार नाई."

किराणावाल्याला एवढ्यावर समाधान नव्हतं. "म्या तं म्हनलं, हे घर दोन सालापासून बंद हाय. कुलूप पाहा म्हनलं. थ्यानं पाह्यलं, लिहून घेतलं अन् गेला."

"मले बी विचारलं," मावशी म्हणाली. "आजी, इथं परदेशी कोन राह्यते? म्या म्हनलं, इथं कोनी परदेशी नाई बापा. म्या काही खोटं नाई सांगतलं."

पोलीस पत्ता तपासायला आला असणार, हे माझ्या लगेच ध्यानात आलं. ओरडायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण ओरडणार कोणावर? आपल्या बाईला न्यायला आले असं समजून ही माणसं पोलिसासमोर उभी राहिली होती. बायकोने तिघांनाही चहा करून दिला. चहात साखर टाकायला ती विसरली आणि तोच चहा पीत चक्कीवाला तिला धीर देत होता, "घाबरू नको बहिनी, पुन्हा आला तं पुन्हा सांगू."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघं ठाण्यावर गेलो. पोलिसाने कागद काढला. माणूस सरळ होता आणि खरंच अडचणीत सापडला होता.

"काका, तीन शेजारी सांगतात अशी बाई इथं राहत नाही. मी काय लिहू?"

"अहो, ही काय, तुमच्यासमोर उभी आहे."

"ह्या उभ्या आहेत ते दिसतंय. पण ह्या त्या पत्त्यावर राहतात हे इथं उभ्या राहून कसं दिसणार?"

मग त्यानेच मार्ग सुचवला. तो पुन्हा येईल आणि त्याच तिघांनी जबाब द्यायचा, की हीच ती बाई, इथंच राहते आणि पाकिस्तानी आहे. तसं झालं नाही तर कागद जिथून आले तिथे परत जातील आणि शपथेची तारीखही जाईल. बायकोने फक्त एवढंच विचारलं, "परत गेले तर किती वेळ लागेल?" त्याने कपाटातल्या फायलींच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. तो तरी काय सांगणार?

मग मी दारोदार फिरलो. कृपा करा आणि माझी बायको पाकिस्तानी आहे असं पोलिसाला सांगा, अशी विनंती आजवर कोणत्या नवऱ्याने केली असेल असं मला वाटत नाही. चक्कीवाल्याचा चेहरा पिठासारखा झाला. "मंग तवा खोटं बोललो म्हून मले धरतीन काय?" किराणावाल्याला बंद घराची काळजी लागली. दोन साल बंद असलेल्या घरातून रोज उधारीवर साखर कोण नेते, हे त्याला आता सांगावं लागणार होतं. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि भाजी निवडत म्हणाली, "येऊ दे थ्याले. पाहू."

पोलीस आला. बैठकीत जबाब सुरू झाले. आधीची कसर भरून काढायची म्हणून चक्कीवाला भलताच पेटला. "पाकिस्तानी म्हंजे एकदम पक्की पाकिस्तानी, साहेब! म्या पह्यल्याच दिवशी वयखलं." किराणावाल्याने पुस्ती जोडली, "बोलन्यावरूनच समजते ना." तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, "भाऊ, चहा थंडा होऊन राह्यला, घ्या ना!" पोलिसाने किराणावाल्याकडे एकवार पाहिलं आणि लिहून घेतलं.

मग मावशीची पाळी आली.

"मी नाई सही करत," मावशी म्हणाली.

"आजी, तुम्ही यांना ओळखता ना?"

"हे काय विचारनं झालं? इची पोरं म्या न्हाऊ घातली."

"मग ह्या पाकिस्तानी आहेत एवढंच लिहायचंय."

"थेच तं. मी तवा बी खरं बोलली, आता बी खरंच बोलीन. हे परदेशी नाई."

मी हात जोडले. चक्कीवाल्याने समजावलं. पोलिसाने कायदा सांगितला. मावशी ढिम्म. शेवटी बायको बाहेर आली आणि तिच्यापाशी खाली बसली. "मावशी, तुमी मले पाकिस्तानी म्हना, मंग थे मले भारतीय करतीन."

"थे तं तू हायेच. करन्याचं काय राह्यलं?"

"नाई वं मावशी! मी भारतीय नाई, अन् आता पाकिस्तानी बी नाई. पासपोर्ट देऊन टाकला ना म्या!"  इतके दिवस त्या पावतीवर आम्ही विनोद करत होतो, पण आपण कुठल्याच राहिलो नाही, हे ती पहिल्यांदाच तोंडाने बोलली. ती उठून आत गेली. मलाही आत जावंसं वाटलं, पण पोलीस हातात पावती घेऊन बसला होता आणि त्याच्यापुढे नवीनच पेच उभा राहिला होता.

"काका, हे खरं आहे. यांनी नागरिकत्व सोडलंय. म्हणजे पाकिस्तानी लिहिलं तर तेही चूकच होणार." त्याने आधीच्या दोन जबाबांकडे हताशपणे पाहिलं. "मग राष्ट्रीयत्व काय लिहू?"

 चक्कीवाल्याने हळूच सुचवलं, "लिहा ना, रस्त्यात हाय."

पोलीस हसला नाही. त्याने डोकं खाजवलं, पेन झटकलं आणि म्हणाला, "पूर्वीची पाकिस्तानी. असं लिहितो. चालेल का आजी?"

मावशीने ते मनात घोळवलं. "पूर्वीची?" ती म्हणाली. "मंग चालते. पूर्वीची तं मी बी रिठदची हाय, थे माहं माहेर. द्या पेन."

सही झाली. आधीच्या दोघांच्या जबाबातही 'पूर्वीची' घातलं आणि त्यांनी तिथे पुन्हा सह्या केल्या. पोलिसाने खरोखरच चांगला अहवाल दिला. तारीख वाचली.

शपथेच्या आधीच्या दिवसांत बायको स्वयंपाक करताना शपथ घोकायची. मावशीच्या घरी संविधानाची प्रास्ताविका फ्रेम करून लावलेली आहे, त्यामुळे या विषयात तिला अधिकार होता. ती भिंतीपलीकडून ओरडायची, "जरा जोरात! संविधानाचं नाव घेऊन राह्यली तं पुटपुटते काहून?" त्याचा परिणाम असा झाला की वाशीमच्या त्या कार्यालयात बायकोने शपथ एवढ्या जोरात घेतली की शेजारच्या खोलीतून दोन माणसं डोकावून गेली. साहेबांनी अभिनंदन केलं. तिने मला विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." मलाही वाटलं होतं की काहीतरी आणखी असेल.

बाहेर येऊन मी ऐटीत म्हटलं, "बोला बाईसाहेब, आता सगळा देश मोकळा आहे. कुठं जायचं?"

"घरी," ती म्हणाली. "चक्कीवर दळण टाकलंय."

यथावकाश भारताचा निळा पासपोर्ट आला. तिने तो आधी मावशीला नेऊन दाखवला, मग गल्लीत फिरवला. चक्कीवाल्याने हात पुसून मगच तो हातात घेतला. आता फक्त व्हिसा राहिला होता. त्यासाठी कराचीतून तिच्या आईचं पत्र हवं होतं, की अमुक भारतीय नागरिक माझी पाहुणी म्हणून येत आहे, मी तिला ओळखते आणि तिची जबाबदारी घेते. पत्राची वाट बघितली. ते आलं नाही म्हणून फोन केला आणि मला ऐकू यावं म्हणून तिने स्पीकर लावला.

तिकडून आधी मेव्हणा बोलला. वैतागला होता. पत्र तयार करून अम्मीपुढे धरलं की ती त्यातलं 'पाहुणी' खोडायला लावते आणि तिथे 'लेक' लिहायला लावते. अशाने वकिलातीत पत्र घेत नाहीत, हे सांगून तो थकला होता. मग अम्मीने त्याच्याकडून फोन घेतला. आवाज खोल गेला होता, पण धार तीच होती.

"माही लेक पावनी कवापासून झाली वं? लेक माहेरी येते. पावनी नाई येत."

बायको हसली. हसता हसताच तिने फोन दोन्ही हातांत धरला.

"अम्मी," ती म्हणाली, "पावनीच लिहा. पावनीले तं येऊ देतीन."