केशव ऊर्फ चिंधू

चिंधू खाणीत उतरायला कधी भ्याला नाही. नाकाडोंगरीकडल्या मँगनीजच्या खाणीत तो तेरा वर्षं होता. लागला हेल्पर म्हणून, आणि बघता बघता कॉम्प्रेसर अन् ड्रिल मशीनचा पक्का फिटर झाला. मशीन रुसलं की साहेब आधी चिंधूला हाक मारायचे, पुस्तक नंतर उघडायचे. असा हा गडी एका कागदाला भ्याला, आणि चांगली दोन वर्षं भ्याला.

तो कागद १९७८ च्या पावसाळ्यात आला. ईश्वर म्हणून त्याचा खाणीतला जुना सोबती कॅनडात एका खाणीत लागला होता, त्याचं पत्र. 'कुशल कामगाराला इथं कायमचं राहायची परवानगी मिळते,' असं त्यानं लिहिलं होतं. शिक्षणाचे, अनुभवाचे, वयाचे गुण धरतात. कंपनीचा अनुभवाचा दाखला लागतो. पस्तिशी उलटली की दर वर्षाला एक गुण कापतात, तेव्हा उशीर करू नको. सोबत फॉर्म होता.

चिंधूला तेहतिसावं सरून महिना झाला होता. त्याची बायको सुमन हिशेबाची पक्की. ती म्हणाली, "मंग भरा ना. काहून थांबता?"

"पोळा होऊ दे," चिंधू म्हणाला.

पोळा झाला. मग धान घरात येऊ दे, मग गावची मंडईची जत्रा होऊ दे, असं करत करत एक वर्ष गेलं. सुमन पुढं विचारायची बंद झाली, कारण खरं काय ते तिला ठाऊक होतं. नवऱ्याला दोन नावं होती.

त्याच्याआधी त्याच्या मायची, मंगलाबाईची, तीन लेकरं गेली होती. चौथं झालं तेव्हा रीतीप्रमाणे ते उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या गोदावरीबाईनं ते उचललं, आणि मंगलाबाईनं सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत घेतलं. नाव ठेवलं चिंधू. टाकून दिलेल्या चिंधीकडे मरण कशाला वळून बघतं? बापाला मात्र हे पटलं नव्हतं. शाळेत घालताना त्यानं मास्तरांना केशव लिहायला सांगितलं, आणि त्याच नावानं पोरगा मॅट्रिक झाला. पुढं बाप वारला. मंगलाबाई खाणीवर मँगनीज वेचायला जायची, तिनंच त्याला खाणीत लावलं. कारकुनानं नाव विचारलं तेव्हा पोराला तोंड उघडू न देता तीच म्हणाली, "चिंधू लिहा." खाणीच्या तोंडाशी उभं राहून खरं नाव घ्यायची तिची छाती झाली नाही.

झालं! शिक्षण सगळं केशवचं आणि अनुभव सगळा चिंधूचा. कॅनडाला यातला एकटा कोणीच चालणार नव्हता. त्यात खाणीत बदलीचा रोग जुना, म्हणजे हजेरीपटावर नाव एकाचं आणि खाली उतरतो दुसराच. आदल्या साली असे दोघं सापडले आणि त्याच दिवशी घरी गेले. 'मी केशवचा दाखला घेऊन ऑफिसात गेलो, तर ते विचारतील, मग चिंधू कोण? तेलही गेलं, तूपही गेलं.' एवढा एकच विचार चिंधूच्या डोक्यात भुंग्यासारखा फिरायचा. हेडक्लार्क लक्ष्मणराव नुसते समोरून आले तरी तो वाट बदलायचा.

भित्याच्या पाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. १९८० च्या फेब्रुवारीत फळ्यावर नोटीस लागली की सगळ्यांची फोटोची ओळखपत्रं निघणार, मार्चअखेर जन्मतारखेचा दाखला आणा. आणि जूनमध्ये पस्तिशी भरत होती. आता पळायला वाटच उरली नाही. चिंधू लक्ष्मणरावांपुढं उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

लक्ष्मणरावांनी हजेरीपट उघडून नाव पाहिलं. "तुमसरच्या कोर्टातून कागद आण," ते म्हणाले. "तुह्या मायनं शपथेवर सांगावं का केशव अन् चिंधू एकच. मंग कार्डबी करतो, दाखलाबी देतो. नाही आणला, तर मले तुह्या नावापुढं 'बदली' लिहून वर पाठवाच लागते."

मंगलाबाईनं ऐकलं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

"परमनंट तर तू इथंबी हायेस. तिकडं कायले जातं?"

"माय, तू शपथेवर नाही सांगितलं तर इथूनबी जाईन मी."

"ते नाव मी तोंडातून काढत नाही."

"अवं, छप्पन साली दीक्षा घेतली तवाच सोडलं ना आपण हे सारं? देवबी सोडले."

"देव सोडले बाबू," म्हातारी म्हणाली, "भेव नाही सुटलं."

आठ दिवस ती धड जेवली नाही. नवव्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसून दारात उभी राहिली. "चाल," म्हणाली.

तुमसरच्या कोर्टातला कारकून बाहेरगावचा, नवीन होता. त्यानं आधी शपथेचं समजावून सांगितलं, खोटं बोललात तर शिक्षा आहे म्हणाला. मग चिंधूकडे पेन रोखून विचारलं, "हा तुमचा मुलगा?"

"नाही जी," मंगलाबाई म्हणाली. "इकत घेतला."

कारकुनाचं पेन थांबलं. "विकत? कोणाकडून?"

"गोदावरीबाईकडून. सूपभर कोंड्याले."

"मूल विकत घेतलं? बाई, हा तर पोलिसात द्यायचा मामला आहे."

चिंधू मधेच बोलला. "माय, खरं सांग ना वं!"

"खरंच सांगून राहिली. शपथेवर खोटं बोलली तर तुलेच लागन."

तेव्हा कुठं चिंधूच्या डोक्यात उजेड पडला. कारकुनाला त्यानं हात जोडून ती रीत समजावली. पण त्याला स्वतःलाच आठवत होतं की मायनं जन्मात कधी त्याला 'माझा' म्हटलं नव्हतं. कोणी विचारलं तर "गोदावरीचा हाय" म्हणायची, आणि लोक हसायचे. पस्तीस वर्षं ती गंमत करत नव्हती. मरणाला चकवून पोर ठेवल्याची चोरी पकडली जाईल म्हणून ती रोज भीत होती, आणि त्या भीतीपुढं त्याची दोन वर्षांची भीती काहीच नव्हती. त्याला रडू आलं.

"माय," तो म्हणाला, "सांग, मी कोणाचा?"

मंगलाबाईनं दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग ओठ हलले न हलले असं म्हणाली, "माझा. पोटचा. केशव."

"मोठ्यानं बोला बाई," कारकून म्हणाला. "ऐकू आलं नाही."

ती मोठ्यानं बोलली. अख्ख्या खोलीला ऐकू गेलं. अंगठा उठवताना शाई दोनदा फिसकटली.

लक्ष्मणराव शब्दाला जागले. 'केशव ऊर्फ चिंधू, फिटर, अनुभव पंधरा वर्षे' असा दाखला त्यांनी दिला, आणि पस्तिशीला वीस दिवस असताना फॉर्म पोस्टात पडला. पण कोर्टातून आल्यापासून मंगलाबाई रोज खाणीवर यायला लागली. चिंधूची पाळी असली की खाणीच्या तोंडाशी बसायची, आणि तो वर आलेला दिसला की कोणाशी न बोलता उठून घरी जायची. ऊन असो की पाऊस. गडी थट्टा करायचे, ती ऐकायची नाही.

दुसऱ्या साली दिवाळीनंतर परवानगीचा कागद आला. आता म्हातारी हंबरडा फोडेल, आडवी पडेल, याच भीतीनं चिंधूनं दोन दिवस तिला सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी सुमननं सांगितलं. मंगलाबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"जा," ती म्हणाली. "बायकोलेकरं घेऊन जा. लौकर जा बाबू. इथं त्या मरणाले तुहं नाव समजलं."